खारा वारा आणि फ्युजरची जाळी

पेडणे तालुक्यात मांद्र्याला, समुद्राची गाज ऐकू येते इतक्या अंतरावर असलेल्या एका चिरेबंदी घराच्या पडवीत, टेबलावर पोलादाचा पोकळ गोळा बसवलेला आहे. त्याच्या मध्यभागी तारेची जाळी असून तिच्याभोवती जांभळा प्रकाश दिसतो आहे. फार्न्सवर्थ आणि हर्श यांनी १९६०च्या दशकात विकसित केलेल्या फ्युजरची, म्हणजे विजेच्या जोरावर अणुकेंद्रे एकमेकांत मिसळवणाऱ्या यंत्राची, ही प्रतिकृती. आत ड्युटेरियम (जड हायड्रोजन) नाही, केवळ विरळ हवा आहे, आणि व्होल्टेज तीन-चार हजारांवरच ठेवले आहे. त्यामुळे येथे अणुकेंद्रांचे मीलन होत नाही.

मोजता येईल इतके मीलन व्हावे म्हणून जाळीवर साधारण २० ते ४० हजार व्होल्टचा ऋण विद्युतदाब ठेवतात. तेव्हा न्यूट्रॉनही निघतात आणि पाहुणे पहिली चौकशी त्यांचीच करतात. परंतु अधिक जवळचा धोका टेबलाखालच्या वीजपुरवठ्याच्या पेटीत असतो. ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, म्हणजे विद्युतभार साठवणारा घटक, ३० हजार व्होल्टपर्यंत भरला, तर त्यात ४५ ज्यूल ऊर्जा साठते आणि मेन स्विच बंद केल्यावरही ती तेथेच राहते. ती निचरून जावी म्हणून कपॅसिटरला समांतर रेझिस्टर जोडतात. पण तो आतून जळून तुटला, तर बाहेरून कळत नाही.

हे यंत्र बांधणाऱ्या काकांची हयात वीज उपकेंद्रात गेली. पुस्तकात कोरड्या हवेसाठी मिलिमीटरला तीन हजार व्होल्ट हा आकडा असतो, आणि त्यावर विसंबून त्यांनी पहिला इन्सुलेटर आखूड ठेवला होता. मृगाचा पाऊस सुरू झाला, खाऱ्या वाऱ्याने आणलेले मीठ ओलसर झाले आणि इन्सुलेटरच्या पृष्ठभागावरूनच विजेने वाट काढली. तो काळा ओरखडा त्यांनी जपून ठेवला आहे. आताचा इन्सुलेटर लांब आणि घड्याघड्यांचा आहे, किनाऱ्यालगतच्या वीजवाहिन्यांवर असतो तसा. अर्थिंगचेही तेच: मे महिन्यात जांभ्याची जमीन सुकली की तिचा रोध वाढतो, म्हणून कोळसा आणि मीठ घातलेल्या खड्ड्यात ते नेमाने पाणी ओततात. गोळ्याचे अर्थिंग सुटले, तर हात लावायचा पोलादच जिवंत होईल.

व्होल्टेज वाढवले की क्ष-किरणही येतात: जाळीपासून दूर फेकलेले इलेक्ट्रॉन भिंतीवर आदळतात. जाड पोलाद त्यांतले बरेचसे अडवते, काचेची खिडकी तितके अडवत नाही. म्हणून तेथे डोळ्याऐवजी कॅमेरा हवा. असे किरण निर्माण करणारे उपकरण चालवायला आपल्याकडे अणुऊर्जा नियामक मंडळाची अनुमती लागते, आणि तूर्त काका हवेवरच समाधानी आहेत.

आता ते स्विच बंद करतात. डावा हात पाठीमागे आहे, कारण दोन्ही हात गुंतले तर प्रवाह छातीतून जाऊ शकतो. उजव्या हातातील लांब दांडीची, अर्थिंगला जोडलेली आकडी ते कपॅसिटरच्या टोकाला लावतात आणि तशीच अडकवून ठेवतात. एकदा रिकामा केलेला कपॅसिटरही थोड्या वेळाने पुन्हा काही विद्युतभार दाखवतो. मगच ते पेटीचे झाकण उघडतात.