घरचीच माणसं, पण पगाराचं काय?

नमस्कार मंडळी. आज बोलायचंय ते अशा घरांबद्दल, जिथं नवरा-बायको, बापलेक, भाऊ-भाऊ एकाच ठिकाणी काम करतात. "घरचं घरात ठेवा आणि कामाचं कामात" हा सल्ला तुम्ही हजारदा ऐकला असेल, मला तो कधी पटला नाही, कारण सल्ला देणाऱ्याचं ऑफिस बहुतेक वेळा घरापासून लांब असतं. आपल्याकडे तालुक्याच्या गावात खाली दवाखाना आणि वर घर, पुढं किराणा दुकान आणि मागं स्वयंपाकघर, मधे नुसता एक पडदा, गिऱ्हाईक साखर मागतंय आणि आतून कुकरची शिट्टी होतेय, आता इथं रेघ ओढायची ती कुठं ओढणार सांगा. मी छोट्या धंद्यांचे हिशेब लिहिते, जीएसटी भरते, रिटर्न भरते, त्यामुळं अशी घरं रोजच बघते. आणि माझं म्हणणं एवढंच आहे की मोकळेपणा असू दे हो, खुशाल असू दे, पण कोण काय करणार, कुणाला किती मिळणार आणि शेवटचा शब्द कुणाचा, हे कुठंतरी लिहिलेलं पाहिजे.

सगळ्यात मजेशीर केस जिल्हा परिषदेच्या शाळेची. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीत 60 पर्यंत मुलं असली की दोन शिक्षक, आणि बदल्यांमध्ये पती-पत्नी एकत्रीकरण म्हणून वेगळा संवर्गच असतो, दोघांच्या शाळांमधे 30 किलोमीटरपेक्षा जास्त अंतर असेल तर त्यात अर्ज टाकता येतो. मग कधी कधी होतं काय, की दोघं फिरून फिरून एकाच दोनशिक्षकी शाळेत येऊन पडतात. जो सीनियर त्याच्याकडे मुख्याध्यापकाचा चार्ज. समजा चार्ज बाईंकडे आहे, तर सकाळी ज्याच्या गाडीवर मागं बसून त्या शाळेत आल्या तोच माणूस दुपारी कागद पुढं करतो, मा. मुख्याध्यापक यांस, विषय किरकोळ रजा मिळणेबाबत, कारण घरगुती. आणि ते घरगुती कारण म्हणजे बाईंच्याच आईच्या डोळ्याचं ऑपरेशन असू शकतं, म्हणजे बाईंनीच पाठवलेलं असतं त्यांना. तरी अर्ज लागतो. हसू येतं, पण मला तो कागद फार आवडतो, कारण उद्या शाळा तपासायला केंद्रप्रमुख आले आणि हजेरीत सरांची सही नाही, तर बोलायचं ते त्या कागदानं, बाईंना नवऱ्याची बाजू घ्यावी लागत नाही. घरात लग्न निघालं तर दोघांनी एकदम रजा टाकायची नाही, शाळेला कुलूप लागेल, मग एकजण हळदीला जातो आणि एकजण लग्नाला. आता ही माणसं एकमेकांशी फॉर्मल वागतात का, तर अजिबात नाही, मधल्या सुट्टीत एकाच डब्यात जेवतात, भाजी खारट झाली म्हणून तिथंच वाद घालतात. कागद कागदाच्या जागी असला की वाद घालायला पण मोकळीक असते!

दुकानात नेमका हाच कागद नसतो. मी विचारते, वहिनी किती वेळ बसतात दुकानात? उत्तर येतं, "ती असतेच की." असतेच म्हणजे सकाळी शटर उघडल्यापासून, मधे स्वयंपाक करून, परत संध्याकाळच्या गर्दीला, उधारीची वही तिच्याच अक्षरात, कुठल्या गिऱ्हाइकाचे किती थकलेत ते तिलाच तोंडपाठ. आणि पगार? "घरच्याच माणसाला कसला पगार, सगळं तिचंच आहे." सगळं तिचंच आहे, पण माहेरी भाच्याला साखळी करायची तर विचारावं लागतं. दुकानातला पोरगा मात्र महिन्याच्या एक तारखेला पैसे घेतो, आणि एक गंमत बघा, त्या पोरावर मालक आवाज चढवत नाही, कारण तो उद्या शेजारच्या दुकानात जाईल. बायकोवर चढवतो, गिऱ्हाइकापुढं चढवतो, कारण ती कुठं जाणार. आपण ज्याला घरगुती वातावरण म्हणून मिरवतो ना, त्यातला बराचसा भाग हा असा एकतर्फी असतो, मालकानं ओरडायचं आणि घरच्यांनी ते आपलेपणा समजून घ्यायचं. मुलाच्या बाबतीत पण तेच, कामगारांसमोर बापाचं बोलणं खाल्लेला पोरगा उद्या त्याच कामगारांकडून काम कसं करून घेणार?

टॅक्स वाचवायला घरच्यांच्या नावानं पगार दाखवायचा, हे आपलेपण आयकरवाल्यांनी फार आधी ओळखलंय. 1961 च्या आयकर कायद्यात अशी तरतूद आली की धंद्यात नवऱ्याचा 20 टक्के किंवा जास्त वाटा असेल आणि तिथून बायकोला पगार दिला, तर तो पगार नवऱ्याच्याच उत्पन्नात धरायचा. फक्त तिच्याकडे त्या कामाची तांत्रिक किंवा व्यावसायिक पात्रता असेल आणि पगार त्याच ज्ञानाचा असेल, तर तो तिचा. म्हणजे मेडिकल दुकानात बायको फार्मसिस्ट असेल तर तिचा पगार तिचा. उलटं पण आहे बरं का, धंदा बायकोचा आणि पगार नवऱ्याला, तरी नियम तोच. आणि नातेवाइकाला बाजारभावापेक्षा फार जास्त दिलं तर जास्तीचा खर्च नामंजूर. यात नातेवाईक म्हणजे नवरा, बायको, भाऊ, बहीण, आणि सरळ वरच्या-खालच्या पिढीतली माणसं, आईबाप, मुलं, नातवंडं. भाचा यात बसत नाही, आणि आपल्याकडं तर निम्मी दुकानं भाच्यांवरच चालतात, असो. मला राग याचा येतो की हा नियम ऐकून लोक म्हणतात, बघा, सरकारच म्हणतंय बायकोला पगार देऊ नका. तसं कुठं म्हटलंय? टॅक्स कुणाच्या नावावर बसेल एवढंच सांगितलंय, तिच्या खात्यात दर महिन्याला पैसे टाकायला कुणी अडवलेलं नाही. टॅक्स वाचत नाही म्हणून पगारच द्यायचा नाही, हा हिशेब आपण काढलेला आहे.

पैसा सोडा, काम कुणाचं हे दिसणं पण तेवढंच महत्त्वाचं. गडचिरोलीत डॉक्टर राणी बंग आणि डॉक्टर अभय बंग या जोडप्यानं सर्च ही आरोग्याचं काम करणारी संस्था उभी केली, दोघांनी मिळून. 1989 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात ग्रामीण बायकांच्या स्त्रीरोगांवरचा त्यांचा अभ्यास आला, त्यात पहिलं नाव राणीताईंचं आहे. 1999 साली त्याच साप्ताहिकात घरोघरी जाऊन नवजात बाळांची काळजी घेण्याचा अभ्यास आला, त्यात पहिलं नाव अभय बंग यांचं. किती साधी गोष्ट आहे ही, पण किती घरांत होते? त्याच्याही फार आधीचं बघायचं तर सावित्रीबाईंनी 1877 च्या दुष्काळात जुन्नर भागातून जोतीरावांना पत्र लिहिलंय, पत्र नवऱ्यालाच, मायना आदराचा, आणि आत काय तर दुष्काळाची परिस्थिती, सावकारांचा त्रास, कार्यकर्त्यांची धडपड, सगळा कामाचा रिपोर्ट. प्रेम आहेच त्यात, पण बाई तिथल्या कामाची जबाबदार माणूस म्हणून लिहितेय हे वाचताना लगेच कळतं. आणि आजही महाराष्ट्रात 50 टक्के सरपंचपदं बायकांना राखीव असूनही ग्रामपंचायतीत गेलं की "साहेबांना भेटा" म्हणतात आणि साहेब म्हणजे सरपंचबाईंचा नवरा, हे बघितलं की कसंतरीच वाटतं.

आता दुसरं टोक पण आहे. काही तरुण जोडपी स्टार्टअप काढतात आणि घरात जेवताना पण मीटिंगच्या भाषेत बोलतात, मुलाच्या शाळेचं पण कॅलेंडर इन्व्हाइट पाठवतात. चालत असेल त्यांचं तर चालू दे, मला ऐकूनच दम लागतो. डॉक्टर जोडप्यांचं बरं असतं, पेशंटसमोर एकमेकांना डॉक्टर म्हणायचं आणि वर जिन्यात आलं की अहो किंवा नुसतं नाव, त्यांना त्यात काही जड जात नाही. पेशंटचं निदान पटलं नाही तर दार लावून बोलायचं, एवढं पाळलं तरी खूप झालं.

तुमचा धंदा दोघांच्या पार्टनरशिपमध्ये असेल तर घरी गेल्यावर तेवढं डीड, म्हणजे पार्टनरशिपचा करारनामा, काढून बघा. काम करणाऱ्या पार्टनरचा पगार डीडमध्ये लिहिलेला नसेल तर फर्मला तो खर्च म्हणून धरता येत नाही, कितीही काम केलं तरी. आणि दुसरं, हे जोडप्यांना कुणी सांगतच नाही, दोनच पार्टनर असतील आणि त्यातला एक गेला, तर फर्म तिथंच संपते, एकट्या माणसाची पार्टनरशिप होत नाही. म्हणजे ज्या आठवड्यात घरात दिवसकार्य चाललेलं असतं त्याच आठवड्यात करंट अकाउंट अडकतं, जीएसटी नंबर नवा काढायला लागतो, दुकानात माल आहे पण व्यापाऱ्याला चेक देता येत नाही. मुलगा किंवा मुलगी 18 पूर्ण असेल आणि खरंच कामात असेल तर तिसरा पार्टनर म्हणून घ्या, आणि एक पार्टनर गेला तरी बाकीच्यांनी फर्म चालू ठेवायची असं डीडमध्ये स्पष्ट लिहून घ्या. मुलीचं लग्न व्हायचंय म्हणून तिचं नाव नको, असं म्हणणारे असतात, पण दुकानाचा संगणक तीच चालवत असेल तर तिचंच नाव आधी टाका.