कडीमागची बोटभर जागा

मंडळी, आज मॉडेल रेल्वेचा एकच मालडबा हातात घेऊ. अमेरिकेतली चाळीस फुटी बॉक्सकार, म्हणजे चहूबाजूंनी बंद वाघीण. 1:87 या एचओ प्रमाणात ती साधारण 14 सेंटीमीटर भरते. अथर्न कंपनीच्या निळ्या खोक्यातलं जुनं किट असो की ॲक्युरेल कंपनीचं, भाग जोडून डबा उभा करणं अवघड नाही. खरं काम त्यानंतरचं.

आधी चालीचं बघू. तिथल्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनची शिफारस अशी: मूळ 1 औंस, वर लांबीच्या दर इंचाला अर्धा औंस. आपला डबा साडेपाच इंची, म्हणजे वजन पावणेचार औंस, सुमारे 106 ग्रॅम. कमी पडेल तेवढं वजन तळाशीच चिकटवा. डब्याखाली दोन टोकांना दोन बोग्या असतात, म्हणजे चार-चार चाकांच्या चौकटी. एका बोगीचा स्क्रू एवढाच आवळा की ती नुसती वळेल. दुसरीचा जरा सैल ठेवा, म्हणजे ती डुलेलही. मग रूळ थोडे वरखाली असले तरी आठही चाकं टेकून राहतात.

आता ज्यासाठी हा डबा निवडला ते सांगतो. बाजूच्या कड्या बघा, म्हणजे चढताना हातानं धरायच्या दांड्या. साध्या किटमध्ये त्या डब्याच्या अंगासकट साच्यातच ओतलेल्या असतात, मागे पोकळी नाही. अशी कडी कुणाला धरताच येणार नाही! तिकडे पूर्वी ब्रेकमन धावत्या गाडीच्या छतावरून या डब्यावरून त्या डब्यावर जात आणि हातानं ब्रेक आवळत, बर्फ पडत असला तरी. कितीतरी जण पडून मेले, डबे जोडताना कितीकांची बोटं गेली. 1893 च्या कायद्यानं एअर ब्रेक आणि डबे आपोआप जोडणाऱ्या कपलरबरोबर या कड्याही सक्तीच्या केल्या. माणसाचा जीव जिच्यावर टांगलेला असे, तिच्यामागे बोटं शिरायला जागा मॉडेलातही दिसलीच पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

खऱ्या डब्यावर ही जागा किमान 2 इंच लागे. 87 नं भागा, अर्ध्या मिलिमीटरहून किंचित जास्त येते. ओतीव कडी धारदार पात्यानं हलकेच तासून काढा, शेजारचे रिव्हेट सांभाळा. बारीक भोकं पाडून 0.3 मिलिमीटरची पितळी तार वाकवून घाला. तारेखाली अर्ध्या मिलिमीटरहून किंचित जाड पुठ्ठ्याची पट्टी धरा, आतून फेविक्विकचा थेंब द्या, मग पट्टी ओढून घ्या. सगळ्या कड्या एकसारख्या उभ्या राहतात.

मात्र पुढचं काही लावण्याआधी तुमची मांडणी कोणत्या सालातली दाखवायची ते ठरवा. 1953 नंतर के ब्रेक, म्हणजे एअर ब्रेकचा जुना प्रकार, असलेला डबा दुसऱ्या कंपनीच्या रुळांवर चालत नसे. तिथे त्यानंतरचा एबी ब्रेकच हवा, त्याची टाकी, व्हॉल्व्ह आणि सिलिंडर वेगवेगळे दिसतात. छतावरच्या चालायच्या फळीचंही तसंच. 1966 पासून नव्या बॉक्सकार तिच्याशिवाय येऊ लागल्या आणि जुन्यांवरची हळूहळू उतरवली गेली. तुमची गाडी 1980 ची असेल, तर फळी काढा आणि शिडीही वरून कापून आखूड करा.