वरचा वाढला, खालचा उतरला

सकाळचे साडेसहा, रंकाळा. चालणाऱ्यांची गर्दी सुरू झालीय आणि ह्या कट्ट्यावर घाम पुसत बसलेत ते आमचे आण्णा, वय ७२. एकेकाळी तालमीत जोर-बैठका काढून गंगावेशीत धारोष्ण दूध प्यायला जाणारा गडी. आता खिशात बीपीची चिठ्ठी असते, कालची आहे १६८ आणि ७२. "वरचा जरा चढलाय, पण खालचा बघ की, पोरासारखा हाय!"

तिथंच तर भानगड आहे.

हृदय आवळतं तेव्हाचा दाब म्हणजे वरचा आकडा, सैल पडतं तेव्हाचा खालचा. हृदयातनं निघणारी सगळ्यात मोठी नळी, महाधमनी, तरणेपणी रबरासारखी असते, प्रत्येक ठोक्याला येणारं साधारण ७० मिली रक्त घेताना ती फुगते आणि हृदय सैल पडलं की परत आवळून तेच रक्त पुढं ढकलते, म्हणून खालचा दाब टिकून राहतो. वय झालं की तिच्यातले लवचिक धागे तुटत जातात, त्यांच्या जागी राठ धागे येतात, कॅल्शियम साचतं. उन्हात पडून कडक झालेली पाण्याची पाईप बघितलीय ना, तशी. मग ती फुगतच नाही, वरचा चढतो, आणि मागनं ढकलायला काही उरत नाही म्हणून खालचा पन्नाशी-साठीनंतर उतरायला लागतो. आण्णांच्या दोन आकड्यांत फरक ९६ चा, तरण्या पोराचा असतो चाळीसच्या आसपास. त्यात बीपी जुनं असलं की हे कडक होणं आणखी लवकर.

आता हे पाणी बघा, लाट भिंतीला आपटून परत फिरते. रक्ताच्या ठोक्याचंही तसंच असतं, लाट लांब जाऊन परत येते, तरण्या माणसात ती सावकाश, हृदय सैल पडल्यावर पोचते. कडक नळीत मात्र ती इतक्या जोरात पळते की हृदय अजून आवळतच असतं आणि ही समोरनं येऊन धडकते, म्हणजे हृदयाला रोज लाखभर वेळा दार उघडायचं आणि दारापलीकडनं कुणीतरी ढकलतंय.

मग हृदय काय करतं? तालमीतला पोरगा करतो तेच, अंगानं भरतं, डाव्या कप्प्याची भिंत जाड होते. पण इथं आण्णांचा तालमीचा हिशोब चुकतो. पैलवानाचं हृदय जाड झालं तरी सैल नीट पडतं, बीपीनं जाड झालेलं मात्र ताठ होतं. आवळतं झकास, सैल पडायला कुरकुरतं. इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, केली तर पंपिंग ६० टक्के, म्हणजे नॉर्मल, रिपोर्ट बघून घरचे खूश, आणि माणूस जोतिबाच्या पायऱ्यांवर दम लागून बसलेला, कारण ताठ हृदय रक्ताला आत शिरायलाच जागा करत नाही आणि मागं फुप्फुसात दाब साठतो. वर आणखी एक, हृदयाला स्वतःचं रक्त मिळतं ते मुख्यतः सैल पडल्यावर, म्हणजे आण्णा ज्यावर खूश होते त्या खालच्या दाबावर!

पूर्वी म्हणायचे, शंभर अधिक वय, एवढा वरचा चालतोय. १९९१ साली अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासानं ते मोडीत काढलं. साठीपुढची माणसं, वरचा १६० च्या पुढं, खालचा ९० च्या आत, म्हणजे आण्णांचीच जातकुळी. स्वस्तातल्या लघवीच्या गोळीपासनं उपचार सुरू केले आणि पक्षाघाताचं प्रमाण ३६ टक्क्यांनी घटलं.

पण म्हणून गोळ्या मनानं वाढवायच्या नाहीत हं. पेठेतल्या दवाखान्यात डॉक्टर मॅडम आण्णांना उभं करून परत बीपी बघतात, तिसऱ्या मिनिटाला वरचा १४४. १६८ वरनं एकदम २४ नं घसरला. उभं राहिलं की रक्त पायाकडं उतरतं, ते सावरणाऱ्या मानेतल्या नसा वयानं मंद होतात, म्हणून पहाटे बाथरूमला उठताना भोवळ.

"काका, आधी पाय खाली सोडून दोन मिनटं बसायचं, मग उठायचं. आणि लोणचं, खर्डा कमी."

"आणि पांढरा रस्सा?"

मॅडम बीपीचा पट्टा गुंडाळत राहतात. आण्णा खुर्चीच्या हाताला धरून, सावकाश, उठतात.