भोंगा थांबल्यानंतरचं घर

श्रोतेहो, नमस्कार.

सोलापुरात रिक्षात बसून ‘जुनी मिल’ एवढंच म्हटलं, तरी रिक्षावाला पुढचं काही विचारत नाही. ही गिरणी 1877 साली सुरू झाली आणि साठच्या दशकात बंद पडली. गिरणी गेली, पत्ता राहिला. नव्वदच्या दशकात लक्ष्मी-विष्णू गिरण्यांचे भोंगे थांबले, पुढे नरसिंग गिरजी गिरणीचाही थांबला. माझे वडील भोंग्यावर घड्याळ लावायचे. पहिल्या भोंग्याला चहा आणि दुसऱ्याला सायकलवर टांग. चाळीतली आमची खोली अंधारी होती, पण गिरणीचं दार तिथून दहा मिनिटांवर होतं. त्या दहा मिनिटांची किंमत तेव्हा आम्हाला कळली नव्हती.

पुण्याहून आलेले पाहुणे म्हणतात, “तुमचं सोलापूर बरंय बाबा, स्वस्ताई आहे.” घरभाडं पुण्याच्या मानानं कमी आहे, हे खरंच. पण पुण्याचा पगार खिशात असेल, तर इथली स्वस्ताई. पूर्व भागातल्या विडी कामगार बाईच्या हिशेबानं बघा. तिला मजुरी मिळते हजारावर. दिवसभर सुपावर मान वाकवून पानं कातरायची, तंबाखू भरायची, दोरा बांधायचा, आणि संध्याकाळी मोजणीच्या वेळी त्यातल्या काही विड्या ‘छाट’ म्हणजे खराब ठरवून बाजूला पडायच्या. माझी आई विड्या वळायची, म्हणून छाट हा शब्द मला शाळेत जायच्या आधीपासून माहीत आहे. त्या विड्यांचे पैसे नाहीत. पानं कमी पडली तर ती पदरचे पैसे घालून आणायची.

आणि खर्च? ज्वारी हे गरिबाचं धान्य, असं आपण लहानपणापासून ऐकलं. गेल्या काही वर्षांत चांगली मालदांडी गव्हापेक्षा महाग झालेली आपण पाहिली. नळाचं पाणी चार-पाच दिवसांआड. उजनीसारखं धरण जिल्ह्यात असूनही. त्यामुळे घर लहान असो की मोठं, पिंपांना जागा लागतेच. ज्या दिवशी पाणी येतं, त्या दिवशी घरातल्या एका बाईचं काम बुडतं. हा खाडा कुठल्याच बिलात दिसत नाही, म्हणून मुद्दाम सांगतोय.

घरांचं म्हणाल, तर या शहरातल्या कष्टकऱ्यांनी मोठं काम करून दाखवलंय. विडी कामगार महिलांनी वर्षानुवर्षं मोर्चे काढले, तेव्हा शहराबाहेरच्या कुंभारी गावात कम्युनिस्ट नेत्या गोदूताई परुळेकर यांच्या नावानं 10 हजार घरांची वसाहत उभी राहिली. आपण तिला विडी घरकुल म्हणतो. 2006 मध्ये पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांच्या हस्ते ती घरं दिली गेली. मग त्याच भागात 30 हजार घरांचं रे नगर आलं. त्यातल्या 15 हजार घरांच्या चाव्या 19 जानेवारी 2024 ला पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी दिल्या. एका घरामागे केंद्राचे दीड लाख, राज्याचा एक लाख, बाकी कामगाराचे. माजी आमदार नरसय्या आडम आणि त्यांच्या संघटनेनं यासाठी किती वर्षं घातली, ते सोलापूरकरांना माहीत आहे. स्वतःच्या नावाचं दार उघडताना त्या बायांचे चेहरे बघायला हवे होते.

पण कुंभारी शहरापासून दहा-बारा किलोमीटरवर आहे. यंत्रमाग, धुण्याभांड्याची कामं, भाजीचा गाडा, सगळं शहरात. जायला पैसे, यायला पैसे, वर घराचा हप्ता. माझी मावशी घरकुलात मालकीण आहे, आणि आठवड्यातले चार दिवस शहरात लेकीकडे राहते, कारण काम तिथं आहे.

काम आणि घर अगदीच एका छपराखाली आलं तर काय होतं, तेही आपण पाहिलं. मे 2025 मध्ये अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्याच्या आगीत आठ जीव गेले. मालकाच्या घरचे होते, कामगाराच्या घरचेही होते. ती बातमी मी अजून विसरलेलो नाही.

पुढे काय, हे तरुण पोरं मला विचारतात. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, तरी पानिपतची चादर सोलापूरच्याच नावानं बाजारात विकली जाते. विमानतळासाठी 2023 मध्ये साखर कारखान्याची चिमणी पाडली, जून 2025 पासून गोव्याला विमान उडतंय. चांगलं आहे. पण मला जास्त आशा वाटते ती गणवेशाच्या धंद्याची. शाळांचे, दवाखान्यांचे, कारखान्यांचे कपडे इथं शिवले जातात, आणि त्याला लागतात शिवणारे हात. ते हात आपल्याकडे आहेत. तरीही दर सोमवारी पहाटे स्टेशनवर पाठीला सॅक लावलेली पोरं हुतात्मा एक्स्प्रेसची वाट बघत उभी असतात. 12 जानेवारी 1931 ला येरवड्यात फाशी गेलेल्या चार सोलापूरकरांची आठवण म्हणून गाडीचं ते नाव. पोरं त्याच गाडीनं पुण्याला नोकरीला जातात.

माझं मागणं साधं आहे. कुंभारीत घरं झाली, आता तिथं शिलाईच्या शेड होऊ द्या. मशीन, वीज, रोज पाणी, आणि लेकरांसाठी पाळणाघर. मावशीला विचारलं, तू शिवशील का? ती म्हणाली, “डोळे गेले रे विड्यांत. पण सून शिवेल. चालत जाईल ती.”