पळसाला पानं तीन नाहीत, एकच!

नमस्कार मंडळी. पळस, पांगारा आणि काटेसावर कसे ओळखायचे, हा प्रश्न दर फाल्गुनात येतो, यंदाही आला. फुलांचं पटकन उरकतो, कारण ते सोपं आहे. झाडाखाली पडलेलं फूल उचला. पोपटाच्या चोचीसारखा बाक आणि बुडाशी काळपट मखमली पेला असला तर पळस. एक पाकळी इतरांपेक्षा बरीच मोठी, पुंकेसर बाहेर डोकावणारे आणि फांद्यांवर छोटे काटे असतील तर पांगारा. पाच जाड, मांसल पाकळ्यांची वाटी आणि मधोमध पुंकेसरांचा झुबका असला की काटेसावर. झालं.

आता खरी भानगड. फुलं काही आठवडे असतात, पानं वर्षातले बहुतेक महिने. आणि पानाशी आलं की निम्मे लोक अडखळतात. मागच्या वेळी पळसाला 'एक पान, तीन पर्णिका' (पर्णिका म्हणजे एकाच पानाची सुटी पाती) असं म्हटलं, तर खाली कमेंट आली: 'पळसाला पाने तीनच, हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक आहे.' अहो, म्हण आपल्या जागी बरोबरच आहे, कुठेही गेलं तरी तेच, एवढंच तिला सांगायचंय. पण फांदीशी हिशेब केला तर पान एकच भरतं.

पान कुठे संपतं आणि फांदी कुठे सुरू होते, हे ओळखायचं कसं? डोळा शोधा. म्हणजे कोंब हो, माळी ज्याला डोळा म्हणतात तो. (फांदी कॅमेऱ्याजवळ.) देठ फांदीला चिकटतो तिथल्या वरच्या कोनात, देठाच्या बगलेत, डोळा असतो. पळसाचा हा देठ 10 ते 15 सेंटिमीटर लांब आहे. बोट त्याच्यावरून मागे मागे सरकवा. तीन हिरव्या पात्यांपाशी बगलेत डोळा नाही. मागे या, अजून मागे. इथे आहे. म्हणजे इथून पुढचं सगळं मिळून एक पान.

थांबा, इथेच चूक होते. पळस हा शेंगावर्गातला आहे, त्यामुळे प्रत्येक पर्णिकेच्या बुडाशी एक फुगवटा असतो. 'हा बघा डोळा' म्हणून लोक त्याचेच फोटो पाठवतात. तो डोळा नाही. फुगवटा देठाला चहूबाजूंनी वेढून असतो, तर डोळा कोनात वेगळा बसलेला असतो. पांगाऱ्यात आणखी गोंधळ, कारण त्याच्या पर्णिकांच्या बुडाशी बारीक ग्रंथी असतात. भिंगाखाली त्या कोंबासारख्या भासतात. देठाच्या बुडापर्यंत गेलात की खरा डोळा सापडतो.

डोळा फारच बारीक असला तर टोक बघा. फांदीच्या टोकाला वाढ चालू असते. तिथली पालवी लहान, कोवळी, बऱ्याचदा वेगळ्या रंगाची, आणि मागची पानं जून. एकाच फांदीवर वयाची उतरंड दिसते. संयुक्त पानाच्या, म्हणजे अनेक पर्णिका मिळून झालेल्या पानाच्या, पर्णिका मात्र साधारण एकाच वयाच्या. बहाव्याचं पान घ्या: पर्णिकांच्या 4 ते 8 जोड्या, सगळ्या सारख्याच जून, आणि शेवटच्या जोडीपुढे काही नाही. देठ तिथेच संपला.

हाच नियम सावर आणि सप्तपर्णीला लावून बघा, कारण या दोघांत लोक हमखास फसतात. सावरीच्या लांब देठाच्या टोकावर 5 ते 7 पर्णिका, उघडलेल्या पंजासारख्या. सप्तपर्णीतही तसाच पंजा दिसतो. पण सप्तपर्णीच्या पंजाच्या मधोमध बघा: फांदीचं टोक पुढे चाललेलं असतं. म्हणजे ती वेगवेगळी, साधी (पर्णिका नसलेली) पानं आहेत, एका वळ्यात बसलेली. सावरीच्या मधोमध असं काहीच नाही, देठ संपला की संपला.

तिसरी खूण, गळण्याची. पान सहसा देठासकट गळतं आणि फांदीवर वण ठेवून जातं. कधी पर्णिका आधी झडतात आणि नुसता देठ मागे राहतो, तर त्याला काटकी समजू नका. पण इथे आवळा आडवा येतो! त्याची बारीक पानांची डहाळी हुबेहूब संयुक्त पानासारखी दिसते, आणि अख्खी गळतेसुद्धा. मग ते पान का नाही? फुलं बघा. आवळ्याची फुलं त्या बारीक पानांच्या बगलेतच येतात. पर्णिकेच्या बगलेत फूल येत नाही. म्हणून ती डहाळी, आणि तिच्यावरची पानं साधी.

एवढी उठाठेव कशाला, असं विचारणाऱ्यांसाठी: एका पर्णिकेचा जवळून काढलेला फोटो पाठवून 'हे कुठलं झाड?' विचारू नका हो. ॲपलाही तोच फोटो देता आणि उत्तर चुकलं की ॲपला नावं ठेवता. पर्णिका एकटीच दाखवली तर तिचं पान कसं होतं हे कुणाला कळणार? फोटो चार काढा: अख्खं झाड, खोडाची साल, डोळ्यापासून टोकापर्यंतचं पूर्ण पान आणि बाजूने घेतलेलं फूल किंवा शेंग. तारीख लिहा. फांदी मोडू नका, खाली पुरेसं पडलेलं असतं.

राहिला शेवटचा प्रश्न: पळस फुलतो तेव्हा पानंच नसतात, मग काय बघायचं? खाली वाळलेली पर्णिका मिळेल. दोन्ही बाजू सारख्या असतील तर ती मधली, एक बाजू फुगीर असेल तर कडेची. मग हाताशी येणारी एखादी फांदी बघा. पान गळालेल्या जागी वण असतो आणि त्याच्या वर डोळा. आता वण मोजा. तीन पर्णिकांमागे एकच भरतो.