रेवदंड्याला एक रात्र राहा

श्रोतेहो, नमस्कार.

अलिबागहून दक्षिणेला निघालं, की अर्ध्या तासात रस्ता एका जुन्या तटबंदीतून आत शिरतो. अनेकांना कळतही नाही, की आपण किल्ल्यात आलो. रेवदंडा हे असं गाव आहे. नारळी-पोफळीच्या वाड्या, घरं, विहिरी, सगळं पोर्तुगीजांच्या कोटाच्या आत. वाडीतून चालताना मध्येच एखाद्या चर्चची उघडी भिंत समोर येते. सातखणी म्हणतात तो उंच मनोराही तिथलाच. आज त्याचे सगळे मजले उरलेले नाहीत, तरी माडांच्या वर त्याचं डोकं दिसतंच.

शेजारचं चौल तर त्याहून कितीतरी जुनं बंदर. वास्को द गामा येण्याच्या जवळजवळ तीस वर्षं आधी अफानासी निकितिन हा रशियन व्यापारी इथे उतरला. बरोबर विकायला एक घोडा. त्यानं लिहून ठेवलंय, की गोरा माणूस बघायला लोक त्याच्या मागे मागे फिरत. इथून तो घाट चढून जुन्नरला गेला आणि सगळा पावसाळा तिथे अडकला. मला हे फार मोलाचं वाटतं. आपण समुद्र पाहायला येतो आणि पाठीमागचा सह्याद्री विसरतो. पण या बंदराचा माल चढायचा तो त्याच घाटवाटांनी.

ते नीट समजून घ्यायचं तर चौलच्या दत्ताच्या डोंगरावर जा. पायऱ्या पुष्कळ आहेत, म्हणून सकाळी लवकर निघा. वर पोचलात की एका बाजूला वाड्यांचा हिरवा पट्टा आणि त्यापलीकडे समुद्र, दुसऱ्या बाजूला डोंगरांच्या रांगा. मार्गशीर्षात दत्तजयंतीला इथे मोठी यात्रा भरते. शांतता हवी असेल, तर ते दिवस सोडून या.

दुपारी मात्र कुंडलिकेच्या खाडीवरचा पूल ओलांडून कोर्लईला जाच. समुद्रात घुसलेल्या डोंगराच्या सोंडेवर किल्ला आहे. तो पाहायचाच, पण माझा जीव खालच्या गावात जास्त रमतो. १७४० साली पोर्तुगीज हा मुलूख सोडून गेले, तरी इथल्या ख्रिस्ती घरांतून त्यांच्या बोलीचा अंश राहिला. लोक तिला ‘नो लिंग’ म्हणतात, म्हणजे ‘आमची भाषा’. शब्द बहुतेक पोर्तुगीज, पण क्रियापद आपल्या मराठीसारखं वाक्याच्या शेवटी येतं. शेजाऱ्यांशी बोलता बोलता तिनं मराठीचं वळण घेतलं. तिथली मुलं शाळेत मराठी शिकतात, आणि ही बोली आता थोडेच लोक बोलतात.

गावात गेलात, तर घाई करू नका. कोणी ओट्यावर बसलेलं दिसलं, तर नमस्कार करा, आणि त्यांना वेळ असेल तर त्यांच्या भाषेतली दोन वाक्यं ऐकवायला सांगा.