पुस्तकात अजून किती चुका उरल्यात?

मंडळी, फळ्यावरचा विषय वाचलात ना? कोडसकट बेझियन मॉडेलिंग (आधी अंदाज धरायचा, डेटा बघून तो सुधारायचा) शिकवणाऱ्या पुस्तकाचं शुद्धिपत्र हातात असताना, शुद्धिपत्रात न आलेल्या चुका किती याचा अंदाज कसा करायचा. छान विषय आहे, मीच दिलाय. पण त्याआधी माझं एक जुनं दुखणं आहे ते पाच मिनिटांत सांगतो आणि मग विषयाला मोकळा होतो. (जे मला ओळखतात त्यांनी आत्ताच घड्याळाकडे बघितलं, दिसतंय मला इथून.)

तर मी हे सगळं शिकलो ते एकट्याने, पुस्तकावरून. नाव सांगत नाही, पुस्तक चांगलं आहे, अजून उशाशी असतं. त्यात सुरुवातीलाच आपलं नेहमीचं बीटा-बायनॉमियल, म्हणजे यशाचं प्रमाण किती याचा अंदाज बीटा नावाच्या वक्राने मांडायचा. प्रायर, म्हणजे डेटा बघण्याआधीचा अंदाज, बीटा(२, २), दहा वेळा प्रयोग, सात वेळा यश. तुम्हाला पाठच आहे, यश पहिल्या आकड्यात मिळवा, अपयश दुसऱ्यात मिळवा, झाला पोस्टिरिअर, म्हणजे डेटा बघितल्यानंतरचा अंदाज, बीटा(९, ५), सरासरी ९ भागिले १४, म्हणजे ०.६४. पण पुस्तकातल्या सूत्रात दुसऱ्या जागी ‘बी अधिक एन उणे वाय’ (बी प्रायरचा दुसरा आकडा, एन प्रयोग, वाय यश) हवं होतं तिथे नेमकी ओळ तुटली आणि ‘उणे वाय’ छपाईत गळालं. राहिलं काय, बी अधिक एन. म्हणजे दोनात तीन मिळवायचे त्याऐवजी मी मिळवले दहा, बीटा(९, १२), सरासरी ९ भागिले २१, ०.४३.

आता गंमत बघा, पुढच्याच पानावर तोच प्रश्न कोडने सोडवलेला, सँपलर चालवून, म्हणजे पोस्टिरिअरमधून हजारो आकडे उचलून. मी कोड जसाच्या तसा टाइप केला, रन केला, उत्तर ०.६४. सूत्र म्हणतंय ०.४३, सँपलर म्हणतोय ०.६४. मी काय करावं? मी सँपलरवर संशय घेतला! सूत्र छापलेलं होतं ना, चांगल्या कागदावर, चौकटीत. मग चेन, म्हणजे सँपलरने उचललेल्या आकड्यांच्या रांगा, लांबवल्या, दोन हजारांच्या वीस हजार, वीसच्या दोन लाख. आर-हॅट (चेन एकमेकींशी जुळतात का सांगणारा आकडा, १ म्हणजे उत्तम) १.००, हलायला तयार नाही. सीड, म्हणजे यादृच्छिक आकडे कुठून सुरू करायचे तो आकडा, बदललं. पॅकेज काढून परत टाकलं. एका रात्री तर आख्खं आर, म्हणजे ज्यात कोड चालवत होतो ती भाषाच, उडवलं आणि नव्याने बसवलं, आणि प्रोग्रेस बार सरकताना बघून मला मनापासून वाटत होतं की आता येणार ०.४३. कॉम्प्युटर बिचारा दर वेळी बरोबर उत्तर देतोय आणि मी दर वेळी त्याला मारतोय. चार दिवस चाललं हे.

पाचव्या दिवशी एका मित्राला सांगितलं, त्याचा स्टॅटिस्टिक्सशी संबंध शून्य. त्याने दोनच प्रश्न विचारले. प्रायर काय म्हणतो? म्हटलं अर्धा, ०.५. डेटा काय म्हणतो? म्हटलं ०.७. मग तो म्हणाला, "एक म्हणतोय पन्नास, दुसरा म्हणतोय सत्तर, आणि तुमची तडजोड त्रेचाळीसला? ही कुठली मांडवली रे?" बस. या मॉडेलमध्ये पोस्टिरिअरची सरासरी प्रायरची सरासरी आणि डेटाचं प्रमाण यांच्या मधेच पडते, बाहेर जाऊच शकत नाही, हे मी तोवर तीनदा अधोरेखित केलेलं होतं. त्याच पुस्तकात.

मराठीत याला मुद्राराक्षसाचा विनोद म्हणतात. पण शब्दातला मुद्राराक्षस ओळखू येतो हो, ‘सरासरी’चं ‘सरासर’ झालं तर वाचणारा हसतो आणि पुढे जातो. सूत्रातला राक्षस सज्जनाचं सोंग घेऊन येतो, उणे वाय गेलं तरी राहिलेलं सूत्र दिसायला सूत्रच असतं. आणि कोडातली चूक त्याहून वेगळी, ती निदान एरर देऊन बोंबलते तरी, म्हणजे बोंबलली तर. म्हणून माझा साधा नियम, सूत्र आणि कोड यांचं जमेना तर आधी कोडावर विश्वास, कारण कोड एकदा तरी कुणीतरी चालवून बघितलेला असतो, सूत्र कोण चालवतं?

हां, आणि याची परंपरा फार जुनी आहे. ज्याच्या नावाने हे सगळं चालतं तो खुद्द बेझ १७६१ मध्ये गेला, त्याचा तो निबंध छापून आला १७६३ मध्ये, कागदपत्रांतून काढून त्याचा मित्र रिचर्ड प्राइसने रॉयल सोसायटीला पाठवला, वर स्वतःची भर घालून. म्हणजे आपल्या शास्त्राचा पहिला मजकूरच लेखकाने प्रूफं न तपासता छापलाय. पुढच्यांकडून काय अपेक्षा ठेवणार!

तर माझं दुखणं हे की चूक पुस्तकाची होती पण चार दिवस माझे गेले, आणि ते का गेले तर ‘पुस्तक चुकलंय’ याला मी शक्यता दिली होती शून्य. डेनिस लिंडली या बेझियन संख्याशास्त्रज्ञाने याला क्रॉमवेलचा नियम म्हटलंय. १६५० मध्ये इंग्रज सेनापती ऑलिव्हर क्रॉमवेलने स्कॉटलंडच्या चर्चवाल्यांना लिहिलं होतं, बाबांनो तुमचीही चूक होऊ शकते असं जरा धरून चाला. लिंडलीचं म्हणणं, प्रायर शून्य ठेवलात की त्याला कुठल्याही लाइकलिहूडने, म्हणजे डेटाच्या साक्षीने, गुणा, शून्यच. पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात ते हेच, फक्त बेरजेऐवजी गुणाकारात.

शून्य नाही तर किती? समजा पुस्तकाशी उत्तर जुळलं नाही अशा वीस वेळांपैकी एकोणीस वेळा चूक माझीच. ठीक, १९ ला १. आता एका मैत्रिणीने स्वतंत्रपणे सोडवलं आणि तिचंही उत्तर दशांशासकट माझ्यासारखंच आलं. मी चुकलेला असताना तिचीही नेमकी तीच चूक व्हायची शक्यता धरा पन्नासात एक, आणि पुस्तक चुकलेलं असेल तर जुळणं जवळपास नक्की. पुस्तकाच्या बाजूच्या एकाला पन्नासने गुणा, पन्नास ला एकोणीस झाले, पुस्तक चुकल्याची शक्यता ७२ टक्के. एका फोनवर! पाच टक्क्यांवरून बहात्तर. (कॉपी केली नसेल तर. तिने केली नव्हती. मी केली असती.)

पण याची दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर तुम्ही इथून उठून लेखकांना मेल टाकत सुटाल. मी सुटलो होतो. पुढे एका प्रकरणात प्रायर होता डीनॉर्म(०, ०.००१), म्हणजे शून्याभोवतीचा घंटेच्या आकाराचा नॉर्मल वक्र, आणि मजकुरात लिहिलेलं, हा अगदी सैल प्रायर आहे. मी म्हटलं सैल? स्टँडर्ड डेव्हिएशन, म्हणजे पसारा, ०.००१ म्हणजे शून्याला खिळा ठोकलाय! टाकला मेल, टाकली पुस्तकातल्या चुकांच्या यादीत. लेखकाचं उत्तर आलं, फार सभ्य, की हा कोड जॅग्ज नावाच्या सँपलरचा आहे, तिथे नॉर्मलचा दुसरा आकडा प्रिसिजन असतो, व्हेरिअन्सचा (स्टँडर्ड डेव्हिएशनच्या वर्गाचा) व्यस्त, म्हणजे व्हेरिअन्स १००० आणि स्टँडर्ड डेव्हिएशन साधारण ३१.६. बग्ज या तशाच प्रोग्राममध्येही तसंच. आर आणि स्टॅन या आणखी एका सँपलरमध्ये मात्र तो आकडा स्टँडर्ड डेव्हिएशन. नाव तेच, आकडा तोच, आणि एका ठिकाणी अंगण, दुसऱ्या ठिकाणी कोठडी. यात लेखकाची चूक काय? थोडी आहे, सांगायला हवं होतं त्याने. पण बहुतेक माझीच.

काय? दहा मिनिटं? दहा राहिलीत का दहा जास्त झालीत? बरं बरं. मग वेळेबरोबर जुन्या होणाऱ्या चुका, म्हणजे आर ३.६.० ला २०१९ मध्ये सँपल फंक्शनची पद्धत बदलली म्हणून जुन्या पुस्तकातला सीड टाकूनही आकडे जुळत नाहीत, किंवा स्टॅनच्या २.३३ पासून अ‍ॅरे लिहायची जुनी पद्धतच बंद झाली, आर-हॅट १.१ च्या खाली असला की चालतं असं जुनी पुस्तकं सांगायची आणि आता म्हणतात १.०१, हे सगळं सोडतो. ह्या चुका नव्हेत, वय आहे.

मूळ विषय. तळ्यात मासे किती, हे मोजायची पद्धत तुम्हाला माहितीय, काही पकडा, खूण करून सोडा, परत पकडा, खुणेचे किती आले बघा. पोल्या या गणितज्ञाने १९७६ मध्ये हेच प्रूफरीडिंगला लावलं. दोघांनी वेगवेगळं वाचायचं, बोलायचं नाही. मला सापडल्या ११ चुका, मैत्रिणीला ९, दोघांच्या यादीत सामाईक ३. तिला जे सापडलं त्यातलं एक तृतीयांश मलाही सापडलं, म्हणजे मी एकूण चुकांपैकी एक तृतीयांश पकडतो, म्हणून एकूण ११ गुणिले ९ भागिले ३, तेहतीस. वेगवेगळ्या सापडलेल्या १७. उरल्या १६.

आता यात बेझियन काय? तर ३ हा आकडा फार लहान आहे. सामाईक ४ असत्या तर एकूण २५ च्या आसपास, २ असत्या तर ५० च्या आसपास. एका चुकीने एवढा फरक, म्हणून एक आकडा सांगण्यात अर्थ नाही, एकूण चुकांवर प्रायर ठेवा, दोघांच्या पकडण्याच्या शक्यतेवर ठेवा, पोस्टिरिअर काढा, त्याची शेपटी उजवीकडे लांबच लांब जाते. दुसरं, ठळक चुका दोघांनाही दिसतात, खोलवरच्या कुणालाच नाही, त्यामुळे सामाईक आकडा फुगतो आणि एकूण कमी येतो, म्हणून १६ हे कमीच धरा. कोडातल्या आणि सूत्रातल्या चुका वेगळ्या मोजल्या तर जरा बरं पडतं, त्याची स्लाइड होती, राहू दे. प्रश्न असेल तर एकच घेतो.

हां, मागे, बोला. ... ती डीनॉर्मवाली त्या अकरात धरलीय का? ... थांबा. माझ्या यादीत होती, तिच्या नव्हती. धरलीय, हो. मग अकराच्या दहा करा, १० गुणिले ९ भागिले ३, तीस, सापडलेल्या १६, उरल्या १४. फळ्यावरचं तेवढं कुणीतरी पुसा हो.